चित्रातले घर कुणाचे?

गेल्या महिन्यात आमच्या एका स्नेह्यांनी नालासोपाऱ्याला नवीन घर घेतले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, चौथा मजला आणि डोक्यावर पंचवीस वर्षांचे कर्ज. मुंबईतल्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आई, बायको आणि दोन मुलांसह अर्धे आयुष्य काढलेल्या माणसाला हा महालच. गृहप्रवेशाला आम्ही गेलो होतो. त्रिशरण-पंचशील झाले, खीर झाली, चहा झाला. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमा. त्यांच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, सोफ्याच्या वर, एक मोठी चौकट लावलेली होती. तिच्यात कोकणातल्या एका शेतकऱ्याच्या घराचे निसर्गचित्र. मूळ जलरंगातले चित्र असावे, त्याची छापील प्रत यजमानांनी दुकानातून आणलेली.

चित्र कुणालाही आवडावे असे. उतरते कौलारू छप्पर, पुढे पडवी, सारवलेले खळे, एका बाजूला पेंढ्याची उडवी, मागे माडांची रांग आणि पुढच्या अंगाला जांभ्या दगडांचा गडगा. पाऊस नुकताच सरला असावा, कारण गडग्यावर शेवाळ हिरवेगार होते. सकाळचे ऊन कौलांवर तिरपे पडलेले. चित्रात माणूस मात्र एकही नाही.

पाहुण्यांमधल्या एका तरुण कार्यकर्त्याला ते खटकले. तो म्हणाला, "दादा, समोर बाबासाहेब आणि इकडे हे खोताचं घर? हे कशाला लावलंत?" यजमान ओशाळले. "अहो, रंग आवडले म्हणून आणलं. गावाकडचं वाटतं," एवढेच ते म्हणाले. मग वाद सुरू झाला. कुणी म्हणे, आपला गावाशी काय संबंध, बाबासाहेबांनी गाव सोडा म्हणून सांगितले. कुणी म्हणे, चित्राला कसली आली जात. आम्हीही दोन शब्द बोललो आणि खरे सांगायचे तर ते फारसे शहाणपणाचे नव्हते.

तेवढ्यात यजमानांच्या आई आतून आल्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. बालपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बौद्धवाडीत गेलेले. त्या चित्राजवळ गेल्या, चष्मा सारखा केला आणि उडवीवर बोट ठेवून नातीला म्हणाल्या, "ही पेंढ्याची उडवी हाय ना, तिच्या ह्या अंगाला आमी उभं ऱ्हायाचो. पुढं पाय टाकायचा न्हाय." मग त्यांचे बोट गडग्यावर आले. तिथे त्या बराच वेळ थांबल्या. "गडगा मात्र बराबर काढलाय हो. असाच रचतात. खाली मोठा चिरा, वर बारका. माझा बापूस असाच रचायचा. खोताच्या घराचा गडगा त्यानंच घातलेला."

वाद तिथेच थांबला. आम्ही घरी परतलो ते हे वाक्य घेऊनच. ज्या कुंपणाच्या आत पाय टाकायचा नाही, ते कुंपण बापाने रचलेले, आणि लेक म्हाताऱ्या वयात त्याच्या चित्राची पारख करते की कलावंताने दगड नीट बसवलेत. चित्र कसे बघावे याचा याहून चांगला धडा आम्हाला कुठल्या पुस्तकात मिळाला नव्हता. म्हणून आज राजकारण बाजूला ठेवून आपण एका चित्राबद्दल बोलू.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. चित्र सुंदर आहे, आणि सुंदर गोष्ट आवडणे हा अपराध नाही. आपल्या समाजात कधी कधी असे होते की, जे वरच्यांचे ते सगळे टाकाऊ, असे म्हणून आपण मोकळे होतो. त्याने वरच्यांचे काही बिघडत नाही, आपली नजर मात्र आखूड होते. बाबासाहेब तसे नव्हते. जगातले उत्तम ते त्यांनी अभ्यासले, ग्रंथ जमवले, उतारवयात हातात कुंचला घेतला. ध्यानात डोळे मिटलेला बुद्ध त्यांना पुरेसा वाटत नव्हता. त्यांना उघड्या डोळ्यांचा बुद्ध हवा होता आणि तसे चित्र त्यांनी स्वतः काढले. चित्र बघायचे तेही उघड्या डोळ्यांनीच.

तर हे चित्र कसे केले आहे ते बघा. पारदर्शक जलरंगाची एक शिस्त असते. त्यात पांढरा रंग सहसा लावत नाहीत, कागदाचा पांढरेपणा राखून ठेवतात. कौलांवरचे ऊन म्हणजे रंग न लावलेला, किंवा अगदी फिका हात फिरवलेला कागद. एकदा गडद रंग बसला की तो परत उजळ करणे कठीण. म्हणजे चित्रकाराला पहिला फटकारा मारण्याआधीच ठरवावे लागते की उजेड कुठे राहू द्यायचा. या चित्रकाराने तो छपरावर आणि खळ्यावर राहू दिला आहे. पडवी सावलीत आहे, पण ती सावली काळी नाही, जांभळट आहे, कारण खळ्यावरचे ऊन उसळून आत गेले आहे. दाराच्या आत मात्र गडद अंधार आहे. त्या घरात आत काय आहे हे चित्रकाराला दिसलेले नाही, किंवा त्याने दाखवलेले नाही.

आता दुसरी गोष्ट. चित्रकार कुठे उभा आहे? तो गडग्याच्या बाहेर, वाटेवर उभा आहे. म्हणजे गंमत अशी की, जिथे आमच्या त्या मावशी लहानपणी उभ्या राहायच्या, त्याच्या आसपासच तोही आहे. फरक एवढाच की त्याला आत बोलावले असते. पाणी दिले असते, पाटही मांडला असता. त्याचे बाहेर उभे राहणे हे हौसेचे होते. आपल्या माणसांचे बाहेर उभे राहणे हे नेमलेले होते. जागा एकच असते, पण दोघांना दिसणारे घर एक नसते.

ही निसर्गचित्राची रीत आपल्याकडे आली कुठून? आपल्या देशात झाडे, डोंगर, घरे चित्रांत पूर्वीही होती, पण ती कथेच्या मागे पडदा म्हणून. माणूस, देव, राजा बाजूला ठेवून नुसत्या घराचे, नुसत्या वाटेचे चित्र काढायचे, ही पद्धत शाळेत शिकवली जाऊ लागली ती इंग्रजी अमदानीत. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. तिथून शिकलेल्यांमध्ये कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांचे नाव फार वरचे. शिकून हा माणूस मुंबईत राहिला नाही, कोल्हापूरला परतला. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ, ओबडधोबड वाटा आणि साधी घरे तो उन्हात बसून रंगवत राहिला. 'संध्यामठ' हे त्याचे चित्र जाणकार आजही आदराने बघतात. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. एका गरीब मुसलमान कलावंताच्या पाठीशी उभा राहिलेला हाच राजा १९२० साली माणगाव परिषदेत बाबासाहेबांच्या पाठीशी उभा राहिला, ही गोष्ट विसरू नये. आबालाल १९३१ साली गेले. त्यांच्यानंतर महाराष्ट्रात निसर्गचित्रकारांची मोठी परंपरा झाली आणि तिच्यातले एक घर आज नालासोपाऱ्याच्या चौथ्या मजल्यावर येऊन टांगले गेले आहे.

पण या रीतीचे मूळ आणखी लांब आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचे एक चित्र आहे, 'द हे वेन', म्हणजे गवताची गाडी. साल १८२१. डाव्या हाताला एका शेतकऱ्याचे घर, पुढे उथळ नदी, नदीत उभी गाडी, पलीकडे कुरण. विली लॉट नावाच्या माणसाचे ते घर. इंग्लंडात हे चित्र बिस्किटांच्या डब्यांपासून दिनदर्शिकांपर्यंत सगळीकडे छापले गेले. इंग्रजांचे खेडे म्हणजे हेच, असे होऊन बसले. १८२४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. चित्र खरोखरच थोर आहे. ढगांची सावली कुरणावरून सरकताना दिसते, पाणी ओले दिसते.

पण हा कॉन्स्टेबल कोण? ती नदी, ती गिरणी ज्याच्या वहिवाटीत होती त्या गिरणीमालकाचा तो मुलगा. आणि तो काळ कसला? नेपोलियनशी चाललेले युद्ध १८१५ ला संपले, फौजेतून माणसे परत आली, मजुरी पडली. चित्राच्या पाच वर्षे आधी, १८१६ मध्ये, त्या पूर्व इंग्लंडात शेतमजुरांचे दंगे झाले. चित्रानंतर वर्षभरात, १८२२ मध्ये, पुन्हा झाले. ते मजूर चित्रात आहेत का? आहेत. पार लांब, कुरणाच्या टोकाला, मोठ्या चित्रात बोटाच्या पेराएवढे ठिपके. गवत कापताहेत. त्यांची भूक एवढ्या लांबून दिसत नाही.

आम्ही कॉन्स्टेबलला दोष देत नाही. तो जिथे वाढला तिथून त्याला जे दिसले ते त्याने प्रामाणिकपणे काढले. प्रश्न बघणाऱ्यांचा आहे. ते चित्र म्हणजेच खेडे, असे ज्यांनी ठरवले त्यांचा आहे. आपल्याकडेही तेच झाले. खेडे म्हणजे शांतता, खेडे म्हणजे साधेपणा, खेडे म्हणजे प्रेमळ माणसे, हे चित्र सिनेमाने काढले, शाळेच्या पुस्तकाने काढले, पुढाऱ्यांच्या भाषणांनी काढले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी या चित्रावरच बोट ठेवले. खेड्याला घटनेचा पाया करा म्हणणाऱ्यांना त्यांनी सुनावले की ही खेडी म्हणजे संकुचितपणाची, अज्ञानाची आणि जातीयतेची घरे आहेत. म्हणूनच घटनेचा एकक त्यांनी गाव न धरता व्यक्ती धरली. त्याच्याही आधी, १९४२ साली नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली होती. लोकांना वाटते बाबासाहेबांना खेड्याचा राग होता. त्यांचा राग खेड्याच्या खोट्या चित्रावर होता.

कोकणातले असे घर म्हटले की खोत आठवणारच. खोत सरकारचा वसूल गोळा करी आणि कुळांवर राज्य करी. पिकाचा वाटा घेई, वर वेठीला माणसे बोलावी. घर शाकारायचे, लाकडे फोडायची, गडगा घालायचा, सगळे वेठीत. स्वतः बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच रत्नागिरी जिल्ह्यातले. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन आले. त्यात महार होते तसे कुणबी होते, आगरी होते. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. म्हणजे आमच्या यजमानांच्या आईचा बाप ज्या काळात दगड रचत होता, तो काळ हाच.

आता वाचक विचारतील, मग चित्रकाराने काय करायला हवे होते? गडग्याशेजारी हात जोडलेला माणूस काढायला हवा होता का? तसे नाही. अशी ठरवून काढलेली चित्रे आपण पुष्कळ बघतो आणि त्यांत ना चित्र असते ना माणूस. पण जगात असेही चित्रकार झाले जे त्याच शेतावर गेले आणि त्यांनी नजर वळवली. फ्रान्समध्ये मिले या चित्रकाराने १८५७ मध्ये शेतात सरवा वेचणाऱ्या तीन बायका काढल्या. सरवा म्हणजे काय, हे आपल्या समाजाला सांगायला नको. कापणी झाल्यावर खाली पडलेली कणसे-लोंब्या वेचून पोट भरणे. धान्याच्या गंजी आणि मालकाचा माणूस त्याने मागे ढकलले आणि वाकलेल्या पाठी पुढे आणल्या. पॅरिसच्या धनिकांना ते चित्र बघून धास्ती वाटली. तिकडे हॉलंडमध्ये व्हॅन गॉगने १८८५ मध्ये शेतमजुराच्या झोपडीच्या आत पाय टाकला. दिव्याखाली बसून बटाटे खाणारी पाच माणसे काढली. ज्या हातांनी जमीन उकरली तेच हात ताटात जाताना त्याने दाखवले. त्याने उंबरा ओलांडला. आपल्या नालासोपाऱ्याच्या चित्रात दाराच्या आत जो अंधार आहे, त्या अंधारात व्हॅन गॉग शिरला.

आणि इतक्या लांब कशाला जायचे? नालासोपारा-विरार ज्या पालघर जिल्ह्यात येते, त्याच जिल्ह्यात घराचे चित्र आतून काढणारा समाज राहतो. वारली. कारवीच्या कुडाची भिंत, तिला शेणामातीचा आणि गेरूचा हात, आणि वर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात बांबूच्या काडीने काढलेले चित्र. पूर्वी लग्नाचा चौक सवाशिणी काढत. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या जाणत्या माणसाने ही चित्रे कागदावर आणण्यास उत्तेजन दिले आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे जगापुढे आले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले.

वारली चित्रातले घर नीट बघा. त्याला भिंत असते, पण भिंत आड येत नाही. आत कांडण चालले आहे, दळण चालले आहे, कुणी चुलीपाशी आहे, कोंबडी फिरते आहे, बाहेर मळणी आहे, तारपा वाजतो आहे. सगळे एकाच वेळी दिसते. कारण काढणारा बाहेर वाटेवर उभा नाही. तो त्या घरात राहतो. घर म्हणजे छप्पर आणि ऊन असे त्याला वाटतच नाही. घर म्हणजे कामे आणि माणसे. या कलेला भौगोलिक उपदर्शनही मिळाले आहे. पण कॉन्स्टेबलच्या घराला जग निसर्गचित्र म्हणते आणि वारल्याच्या घराला सजावट म्हणते, कपबशीवर छापते, हा भेद अजून गेलेला नाही.

आता आपल्या वसईकडे येऊ. वसईचे निसर्गचित्र काढायला चित्रकार पूर्वीपासून येतात. किल्ला आहे, समुद्र आहे, चर्चे आहेत, आणि पश्चिमेला वाड्या. केळीच्या बागा, पानवेली, फुलांचे मळे, त्यांना पाणी देणारी बावखले. आगाशीची राजेळी केळी आणि त्यांची सुकेळी सर्वांना ठाऊक आहेत. ही हिरवाई इमारतींखाली जाऊ नये म्हणून १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून 'हरित वसई'चा मोठा लढा झाला. २०२४ मध्ये दिवंगत झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्यात अग्रभागी होते. त्या लढ्याचे मोल आम्ही जाणतो. बावखल बुजले की विहीर खारी होते, आणि इमारत बांधली की पुराचे पाणी आपल्याच चाळीत शिरते, हे नालासोपाऱ्याचा माणूस दर पावसाळ्यात अनुभवतो.

पण याच वसई तालुक्याची पूर्व बाजू चित्रात क्वचितच येते. रुळांच्या पलीकडे, महामार्गाच्याही पलीकडे, डोंगराच्या कुशीत आदिवासी पाडे आहेत. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ मध्ये झाला, तरी त्या पाड्यांत लग्नासाठी घेतलेल्या शे-दोनशेच्या कर्जापायी माणसे सालोसाल गुलामीत राबत होती. त्यांना सोडवण्यासाठीच १९८२ साली इथे श्रमजीवी संघटना उभी राहावी लागली. ज्या मालकांच्या घरी ते राबत, ती घरेही लांबून सुंदरच दिसत असणार. पडवी असेल, उडवी असेल, गोठा असेल.

आणि आज 'फार्महाऊस' हा शब्द मराठीत आला आहे, त्याचा अर्थ काय? शेतावर राहणाऱ्याचे घर, असा नाही. शनिवारी मोटारीतून येणाऱ्याचे घर, असा आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, असे जमीन महसूल संहिता सांगते. तरीही जमिनी हातून जातात, आणि जिथे काल वारल्याचे शेत होते तिथे आज त्याचाच मुलगा फाटकावर पहारेकरी असतो. त्या फार्महाऊसच्या दिवाणखान्यात एक चित्र हमखास असते. बहुधा वारली चित्रच असते.

हे सगळे मनात घोळत असताना आम्ही एका रविवारी सोपारा गावात गेलो. स्टेशनच्या पश्चिमेला, रिक्षाने थोडेच अंतर. तिथला स्तूप आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. बुद्धपौर्णिमेला तिथे वंदनेसाठी लोक जमतात. १८८२ पूर्वी ते नुसते टेकाड होते. झाडझाडोरा, भोवती शेते-वाड्या. गावातले लोक त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. बुरूड म्हणजे टोपल्या-सुपे विणणारा समाज. एखाद्या निसर्गचित्रकाराने तेव्हा ते काढले असते तर एक हिरवी टेकडी म्हणून काढले असते आणि पुढे निघून गेला असता. १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खोदले. आत दगडी करंडक, त्यात एकात एक बसवलेले करंडक, भिक्षापात्राचे तुकडे, सोन्याची फुले आणि बुद्धांच्या आठ धातुमूर्ती निघाल्या. जे बघून लोक सोडून देत होते त्याच्या पोटात आपला इतिहास होता.

त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. तुकडाच आहे, पण हा लेख गिरनारसारख्या ठिकाणी पूर्ण आहे, म्हणून त्याचा आशय कळतो. तो आशय आज आमच्या विषयाशी इतका जुळतो की आम्ही चकित झालो. अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे मौजेच्या सहलींना निघत, शिकार करत, मन रमवत. मी राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला गेलो आणि तेव्हापासून सहल बदलली. आता मी निघतो तो श्रमण-ब्राह्मणांना भेटायला, वृद्धांना भेटून त्यांना मदत करायला आणि जनपदातल्या माणसांचे दर्शन घ्यायला. राजा खेड्यात जातो आणि दर्शन कुणाचे घेतो? माणसांचे. राजाने प्रजेला दर्शन द्यायचे ही जगाची रीत, इथे राजाच प्रजेचे दर्शन घेतो आहे.

खेड्याकडे बघण्याच्या दोन नजरा सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इतक्या स्पष्ट सांगितल्या गेल्या. एक मौजेची, दुसरी माणसाला भेटण्याची. आणि ते सांगणारा दगड कुठे मिळाला, तर आमचे स्नेही ज्या गावात घर घेऊन राहायला आले त्या गावात.

वाचकहो, आमचे म्हणणे एवढेच आहे. घरात निसर्गचित्र लावू नका असे आम्ही म्हणत नाही. जरूर लावा. आपल्या घरात रंग हवेत, पुस्तके हवीत, संगीत हवे. पण त्याच्यासमोर मुलांना उभे करा आणि विचारायला शिकवा. हे घर कुणी बांधले? जमीन कुणाच्या नावावर आहे? या अंगणात कुणाला येता येत नव्हते? चित्र काढणारा कुठे उभा होता? हे प्रश्न विचारल्याने चित्राची मजा जात नाही. आम्ही स्वतः अनुभवले की ती वाढते. त्या मावशींनी सांगेपर्यंत गडग्याकडे आमचे लक्षही गेले नव्हते. खाली मोठा चिरा, वर बारका, हे चित्रकाराने किती निरखून काढले आहे हे आम्हाला त्यांच्यामुळे कळले. गडगा रचणाऱ्याच्या लेकीलाच ते दिसू शकत होते.

आणि मुलांना चित्र काढू द्या. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना आपली मुले बसतात तेव्हा निसर्गचित्र म्हटले की सगळ्यांची पाने सारखी. दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी, बाजूला नारळाचे झाड. नालासोपाऱ्याच्या पूर्वेला चाळीत राहणाऱ्या मुलाने असा डोंगर आयुष्यात पाहिलेला नसतो. त्याने पाहिलेली असते पाण्याच्या टँकरपुढची रांग, विरार लोकलचा दरवाजा, पत्र्याचे छप्पर आणि त्यावर वाळत घातलेले कपडे. पत्र्यावर पडणारे ऊनही तिरपे असते आणि त्याची सावलीही जांभळट असते. ते काढायला त्याला कुणी सांगितलेले नाही. तेव्हा शिक्षकांनी, पालकांनी ते सांगावे. आपल्या वस्तीचे निसर्गचित्र आपण काढले नाही तर दुसरा कुणी वाटेवर उभा राहून काढील आणि त्यात आपण ठिपक्याएवढे असू, किंवा नसूही.

परवा यजमानांचा फोन आला. ते चित्र काढून ठेवावे असे त्यांनी मनात घेतले होते. त्या दिवसाच्या वादाने त्यांना चुटपुट लागली होती. आईने नको म्हटले. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या, "बापाचा गडगा हाय तो." नात मात्र कागद-रंग घेऊन बसली आहे. आजी सांगते आहे आणि ती काढते आहे. बौद्धवाडीतले आजीचे घर कसे होते, चूल कुठे होती, पाणी कुठून आणत, असे एकेक विचारते आहे. त्या घराचा फोटो कुणाकडेच नाही. चित्र पुरे झाले की पहिल्या चित्राच्या शेजारी त्याच उंचीवर लावायचे, असे यजमानांनी ठरवले आहे. खिळा त्यांनी आधीच मारून ठेवला आहे.